सरकारच्या दारावरचं कुलूप



३० सप्टेंबर २०२५ ची मध्यरात्र उलटली आणि अमेरिकेचं केंद्र सरकार बंद पडलं. तिकडे त्याला फेडरल गव्हर्नमेंट म्हणतात. बंद पडलं म्हणजे तिथे काही क्रांती झाली नव्हती, लष्कर रस्त्यावर आलं नव्हतं, की तिजोरीत खडखडाट झाला नव्हता. राष्ट्राध्यक्ष आपल्या जागी होते, संसद आपल्या जागी होती. नव्या आर्थिक वर्षाच्या खर्चाला मंजुरी देणारा कायदा तेवढा झाला नव्हता. एवढ्या एका कारणाने जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाची कार्यालयं ओस पडली, संग्रहालयांची दारं मिटली, लाखो माणसांचे पगार थांबले. हे पुढचे ४३ दिवस चाललं. तोवरच्या इतिहासातली ती सर्वांत लांबलेली बंदी ठरली.

आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी त्यासाठी 'शटडाऊन' हाच शब्द वापरला. मला मात्र आपला जुना शब्द जवळचा वाटतो, टाळेबंदी. करोनाच्या काळात हा शब्द वेगळ्याच अर्थाने घरोघरी गेला. पण त्याआधी तो गिरणगावातला शब्द होता. कामगार काम थांबवतो तो संप आणि मालक गेटला कुलूप घालतो ती टाळेबंदी, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. आपल्या महाराष्ट्रात राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी १९७७-७८ मध्ये ५४ दिवसांचा संप केला. तेव्हाही कचेऱ्या ओस पडल्या होत्या, पण त्या नोकरांनी बंद केल्या होत्या आणि त्यांची मागणी त्यांच्या तोंडी होती. अमेरिकेत होते ती मालकाने केलेली टाळेबंदी. फरक इतकाच, की तिथे एका घराचे दोन मालक आहेत, आणि दोघांचं भांडण जुंपलं की कुलूप बसतं ते नोकराच्या चुलीला.

हे कुलूप घालणाऱ्या राजकारण्याला त्याची काय किंमत मोजावी लागते, आणि देशाला काय मोजावी लागते, याविषयी आज मला बोलायचं आहे. मी कवितेच्या गावचा माणूस. आकडेमोड हा माझा प्रांत नव्हे. पण दिलेला शब्द आणि मोडलेला शब्द यांतला फरक कळायला अर्थशास्त्र लागत नाही, आणि हा सगळा मामला शेवटी शब्द मोडण्याचाच आहे.

आधी हे कुलूप आलं कुठून ते पाहू. अमेरिकेच्या राज्यघटनेतच लिहिलेलं आहे की, कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येणार नाही. तत्त्व उत्तम आहे. राजाने मनाला येईल तसा खर्च करू नये, जनतेच्या प्रतिनिधींना विचारावं, यासाठीच लोकशाहीच्या लढाया झाल्या. १८८४ मध्ये आणखी एक कायदा झाला. मंजुरी नसताना सरकारी खात्यांनी देणी अंगावर घेऊ नयेत, आणि फुकटची सेवाही स्वीकारू नये, असं त्याने बजावलं. तरीसुद्धा त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं मंजुरीला चार दिवस उशीर झाला म्हणून कोणी कचेरीला कुलूप घातलं नाही. थोडी काटकसर करायची, पैसे येतीलच असं धरून चालायचं, अशी रीत होती.

ही रीत मोडली ती १९८० मध्ये. जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष होते आणि बेंजामिन सिव्हिलेटी त्यांचे ॲटर्नी जनरल. त्यांनी मत दिलं की, कायदा अक्षरशः पाळायचा तर मंजुरी संपताच काम थांबवलंच पाहिजे. पुढे १९८१ मध्ये त्यांनीच त्याला पुरवणी जोडली. माणसांच्या जिवाशी आणि मालमत्तेच्या सुरक्षेशी निगडित असलेली कामं चालू ठेवता येतील, असं सांगितलं. झालं. एका कायदेशीर सल्ल्यातून कुलूपही घडलं आणि त्याची किल्लीही. सल्ला देणाऱ्याचा हेतू कायद्याचा मान राखण्याचा होता. पण हत्यार एकदा घडवलं, की ते कोणाच्या हाती जाईल हे लोहाराला कुठे ठाऊक असतं?

तिथलं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्याआधी खर्चाची बारा विधेयकं संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर करायची आणि राष्ट्राध्यक्षांनी त्यांवर सही करायची, असा नियम. प्रत्यक्षात ती बाराच्या बारा वेळेवर मंजूर होणं हा दुर्मीळ योग. मग काही आठवड्यांपुरती तात्पुरती मंजुरी घेऊन गाडा ढकलायचा. ही तात्पुरती मंजुरीही अडली की कुलूप. त्यात आणखी एक गाठ आहे. शंभर जणांच्या सिनेटमध्ये चर्चा थांबवून बहुतेक विधेयकं पुढे न्यायची तर ६० मतं लागतात. २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रिपब्लिकन होते, दोन्ही सभागृहांत रिपब्लिकनांचंच बहुमत होतं. पण सिनेटमध्ये त्यांचे सदस्य होते ५३. उरलेल्या सात मतांत सगळा खेळ होता.

आपल्याकडे असं का होत नाही, असा प्रश्न मनात येणं साहजिक आहे. आपल्या राज्यघटनेतही कायद्याने विनियोजन केल्याशिवाय एकत्रित निधीतून रुपया काढता येत नाही. पण अर्थसंकल्प लांबणार असेल तर लेखानुदानाची सोय घटनेनेच करून ठेवली आहे. आणि मुख्य म्हणजे, खर्चाला लोकसभेची मंजुरी मिळवता न येणारं सरकार आपल्याकडे टिकत नाही. त्याला पायउतार व्हावं लागतं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची मुदत ठरलेली, खासदारांची ठरलेली. भांडण कितीही विकोपाला गेलं तरी खुर्ची कोणाचीच जात नाही. आपल्याकडे सरकार पडतं आणि कचेरी चालू राहते. तिथे सरकार टिकतं आणि कचेरी बंद पडते.

१७ एप्रिल १९९९ हा दिवस आठवून पाहा. अटलबिहारी वाजपेयींचं सरकार लोकसभेत २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडलं. कटुता टोकाला गेली होती. तरीही लोकसभा विसर्जित होण्यापूर्वी, पडलेल्या त्याच सरकारचा अर्थसंकल्प सभागृहाने चर्चेशिवाय मंजूर करून टाकला. चर्चेविना अर्थसंकल्प मंजूर होणं हे काही भूषण नव्हे. पण आपलं भांडण आपल्यापाशी, पोस्टमनचा पगार आणि दवाखान्याचं औषध त्यात ओढायचं नाही, एवढं भान त्या सभागृहाने ठेवलं. आपल्या संसदेच्या नावाने आपण बोटं मोडतो, तेव्हा हीही गोष्ट लक्षात असू द्यावी.

आता राजकीय हिशेबाकडे वळतो. कुलूप घालणाऱ्याच्या मनात दोन गणितं असतात. एक, समोरचा नमेल आणि आपली मागणी पदरात पडेल. दुसरं, लोक दोष समोरच्याला देतील. इतिहासात ही गणितं कितपत सुटली?

१९९५ मध्ये बिल क्लिंटन राष्ट्राध्यक्ष होते आणि प्रतिनिधीगृहाचे सभापती होते रिपब्लिकन पक्षाचे न्यूट गिंग्रिच. खर्चकपातीवरून दोघांचं बिनसलं. नोव्हेंबरात पाच दिवस, आणि मग १६ डिसेंबरपासून २१ दिवस कारभार बंद राहिला. त्या दरम्यान गिंग्रिच पत्रकारांशी बोलताना म्हणून गेले की, इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांच्या अंत्यविधीहून परतताना राष्ट्राध्यक्षांच्या विमानात आपल्याशी कोणी वाटाघाटी केल्या नाहीत आणि उतरवलं ते मागच्या दाराने. आपण ताणून धरलं त्यात या अपमानाचाही वाटा आहे, असं त्यांनी सुचवलं. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने पहिल्या पानावर त्यांना लंगोटातलं रडकं बाळ करून टाकलं. अर्थसंकल्पाचा गंभीर वाद एका मानापमानाच्या नाटकात बुडाला. १९९६ च्या निवडणुकीत क्लिंटन पुन्हा निवडून आले. त्यांच्यासमोर हरले ते बॉब डोल, म्हणजे सिनेटमधले रिपब्लिकनांचे नेते. तेच डोल कुलूप काढा म्हणून आपल्या पक्षाला सांगत होते. मात्र दोन्ही सभागृहांतलं बहुमत रिपब्लिकनांकडेच राहिलं. दंड झाला, पण ज्याने कुलूप घातलं त्याला नेमका झाला असं म्हणता येत नाही.

२०१३ मध्ये बराक ओबामांच्या आरोग्यविमा कायद्याचा निधी तोडावा म्हणून रिपब्लिकनांनी १६ दिवस कारभार अडवला. गंमत बघा. ज्या १ ऑक्टोबरला कार्यालयं बंद झाली, त्याच दिवशी त्या विम्याची नोंदणी सुरू झाली, कारण तिचा पैसा या वार्षिक मंजुरीवर अवलंबून नव्हता. नोंदणीचं संकेतस्थळ पहिल्याच दिवशी कोलमडलं. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं होतं, पण टाळेबंदीच्या गदारोळात ती फजिती झाकली गेली. गॅलपच्या पाहणीत रिपब्लिकन पक्षाविषयी चांगलं मत असणारे लोक २८ टक्क्यांवर आले. आता हा पक्ष संपला, असं जाणकार बोलू लागले. वर्षभराने, नोव्हेंबर २०१४ मध्ये, त्याच पक्षाने सिनेटमध्ये नऊ जागा वाढवून बहुमत मिळवलं.

डिसेंबर २०१८ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधायला ५.७ अब्ज डॉलर हवे होते. सीमेच्या रक्षणासाठी सरकार बंद पाडायचा मला अभिमानच वाटेल, असं ते कॅमेऱ्यांसमोर बोलले. त्यामुळे दोष दुसऱ्यावर ढकलायची वाटच त्यांनी बुजवून टाकली. ३५ दिवस हे चाललं. शेवटी २५ जानेवारी २०१९ ला भिंतीच्या पैशाशिवायच त्यांना सही करावी लागली. पुढे फेब्रुवारीत संसदेने कुंपणासाठी दिले १.३७५ अब्ज. मग त्यांनी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली आणि दुसरीकडचा निधी भिंतीकडे वळवायला घेतला.

ही ३५ दिवसांची बंदी मोडली कशी, हे मुद्दाम सांगण्यासारखं आहे. अमेरिकेत केंद्र सरकारच्या नोकराला संप करता येत नाही. १९८१ मध्ये विमानवाहतूक नियंत्रकांनी संप केला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रीगन यांनी अकरा हजारांहून अधिक जणांना एका फटक्यात घरी बसवलं होतं. त्याच खात्याची माणसं २०१९ च्या जानेवारीत महिनाभर बिनपगारी काम करत होती. २५ जानेवारीला सकाळी त्यांतले थोडे जण आजारी म्हणून आले नाहीत आणि न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर विमानं खोळंबली. त्याच दिवशी दुपारी तोडगा निघाला. पस्तीस दिवस मोठमोठ्या वाटाघाटींना जे जमलं नाही, ते मूठभर माणसांच्या गैरहजेरीने करून दाखवलं.

आणि मग २०२५. या खेपेला अडवणारे डेमोक्रॅट होते. आरोग्यविम्याच्या हप्त्यांवर मिळणाऱ्या वाढीव सवलती वर्षअखेरीस संपणार होत्या. त्या चालू ठेवा, मगच मत देतो, असा त्यांचा आग्रह. मागणी सामान्य माणसाच्या हिताची होती, हे मान्य करायला हवं. ४ नोव्हेंबरला व्हर्जिनिया आणि न्यू जर्सी या दोन राज्यांत गव्हर्नरपदाच्या निवडणुका झाल्या आणि दोन्हीकडे डेमोक्रॅट जिंकले. व्हर्जिनियात केंद्र सरकारच्या नोकरांची मोठी वस्ती आहे. टाळेबंदीचा आपल्या पक्षाला फटका बसला, असं ट्रम्प स्वतःच म्हणाले. म्हणजे दोषाचं गणित डेमोक्रॅटांच्या बाजूने सुटत होतं. तरीही आठवड्याभरात त्यांच्या बाजूच्या आठ सिनेटरांनी रिपब्लिकनांबरोबर मत दिलं, ६० चा आकडा भरला आणि १२ नोव्हेंबरच्या रात्री कुलूप निघालं. पदरात पडलं ते डिसेंबरात मतदान घेण्याचं आश्वासन. ते मतदान झालं, प्रस्ताव फेटाळला गेला आणि २०२५ सरताना त्या सवलतीही संपल्या.

या आठ जणांवर त्यांच्याच पक्षातून फार टीका झाली. पण मला त्यांच्याविषयीची वेगळीच गोष्ट बोलकी वाटते. आठांपैकी दोघे निवृत्त होणार होते आणि उरलेल्या सहांपैकी एकालाही २०२६ मध्ये मतदारांपुढे जायचं नव्हतं. तडजोड कोणी केली? ज्यांना लगेचची भीती नव्हती त्यांनी. ज्यांना निवडणूक लढवायची होती, त्यांना कुलूप काढणं हे कुलूप घालण्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटलं.

सगळ्या प्रकारातली खरी मेख मला इथे दिसते. चार मोठ्या बंद्या पाहिल्या. घालणाऱ्याला जे हवं होतं ते जवळपास कधीच मिळालं नाही. आणि त्याला घडलेली शिक्षाही टिकली नाही, कारण लोकांची आठवण एका निवडणुकीपुरतीही पुरत नाही. मग पुन्हा पुन्हा हे का घडतं? कारण पक्षातल्या कडव्या समर्थकांना निकालापेक्षा झुंज प्रिय असते. आमचा माणूस झुकला नाही, एवढं त्यांना पुरतं. जो समजुतीने घेतो तो घरभेदी ठरतो. जिथे समजूतदारपणा हाच राजकीय धोका होऊन बसतो, तिथे कुलूप पुन्हा लागणारच.

राजकारण्याला स्वस्त पडणारी ही गोष्ट मग कोणाला महाग पडते? टाळेबंदी लागली की सरकारी नोकरांचे दोन गट होतात. एकाला सक्तीच्या बिनपगारी रजेवर घरी पाठवतात. दुसऱ्याला कामावर यावंच लागतं, तेही पगाराशिवाय. २०२५ मध्ये पहिल्या गटात सुमारे ६ लाख ७० हजार आणि दुसऱ्यात सुमारे ७ लाख ३० हजार माणसं असल्याचा अंदाज होता. या दुसऱ्या प्रकाराला आपल्याकडे फार जुना शब्द आहे, वेठ. १९९५ मध्ये या दोन गटांना 'आवश्यक' आणि 'अनावश्यक' असं सर्रास म्हटलं गेलं. पुढे सरकारी कागदांत सौम्य शब्द आले, पण तो शब्द काही लोकांच्या तोंडून गेला नाही. वीस वर्षं इमानाने नोकरी केलेल्या माणसाला एका सकाळी चिठ्ठी येते की, तुमचं काम अनावश्यक आहे. शब्दांशी ज्याचा रोजचा व्यवहार आहे अशा माणसाला त्या एका शब्दाचं वजन पेलत नाही. आणि याच काळात खासदारांचा स्वतःचा पगार मात्र कायद्याने चालू राहतो.

आमच्या घरात वडीलधारी माणसं सांगायची, मजुराचे पैसे रात्रभर घरात ठेवू नयेत, तो आपल्या दारातून निघायच्या आत ते त्याच्या हातात पडले पाहिजेत. कष्टाची मजुरी उशिरा देणं हा नुसता गैरव्यवहार नाही, गुन्हा आहे, असा त्या शिकवणीचा रोख होता. अमेरिकेने २०१९ मध्ये कायदा केला की, टाळेबंदी संपल्यावर नोकरांना थकलेला पगार मिळेलच. चांगलं झालं. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रशासनाकडूनच त्या हमीबद्दल शंका काढली गेली आणि नोव्हेंबरच्या कायद्यात ती पुन्हा लिहून घ्यावी लागली. शिवाय सरकारी इमारतीत झाडलोट करणारी, उपाहारगृहात ताटं विसळणारी, दारावर पहारा देणारी माणसं बहुतेक कंत्राटी असतात. त्यांना अशी हमी नाही. त्यांचे बुडालेले दिवस बुडालेलेच राहतात. २०१९ मध्ये होसे आंद्रेस या नामवंत बल्लवाचार्याने वॉशिंग्टनमध्ये सरकारी नोकरांसाठी मोफत अन्नछत्र उघडलं होतं. राजधानीत सरकारी नोकर जेवणाच्या रांगेत उभे, हे चित्र त्या देशाने पाहिलं.

२०२५ मध्ये त्याच्याही पुढची पायरी आली. तिथे गरिबांना अन्नधान्य खरेदीसाठी सरकारी मदत मिळते. तेव्हा सुमारे ४ कोटी २० लाख लोक तिच्यावर अवलंबून होते. आपल्या रेशनकार्डासारखाच तो आधार. १ नोव्हेंबरला ही मदत थांबली. त्या योजनेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. राज्यं कोर्टात गेली, कोर्टांनी आदेश दिले, वरच्या कोर्टाने ते थोपवले. तोवर इकडे घरातलं पीठ संपत होतं. त्याच आठवड्यात नियंत्रकांच्या तुटवड्यामुळे ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कमी करावी लागली.

याची झळ आपल्या पुण्या-ठाण्यापर्यंतही पोहोचते. तिकडे एच-वन-बी व्हिसावर नोकरीला जायचं, तर अमेरिकी कंपनीला आधी तिथल्या श्रम खात्याची मंजुरी घ्यावी लागते. २०१३ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये ते खातंच बंद झालं आणि अर्ज पडून राहिले. कोणाची नोकरीची तारीख, कोणाचं कंपनी बदलणं, सगळं अधांतरी. वॉशिंग्टनमधल्या भांडणाचा नि आपला काय संबंध, असं म्हणणाऱ्या घरांत तेव्हा ऑनलाइन अर्जाची स्थिती रोज तपासली जात होती.

पैशाचंही सांगतो. २०१८-१९ च्या बंदीमुळे तीन अब्ज डॉलरचं उत्पादन कायमचं बुडालं, असं अमेरिकी संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाने सांगितलं. २०२५ साठी त्यांचा अंदाज, बंदी किती आठवडे चालते त्यानुसार, सात ते चौदा अब्ज डॉलरचा होता. म्हणजे काटकसरीच्या नावाने सुरू झालेली भांडणंसुद्धा शेवटी तिजोरीलाच भोक पाडतात. काही नुकसान पैशांत मोजताही येत नाही. २०१८-१९ मध्ये कॅलिफोर्नियातलं जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान पुरेशा रखवालदारांशिवाय उघडं राहिलं आणि शेकडो वर्षं जगू शकणाऱ्या त्या झाडांपैकी काही लोकांनी तोडली. ऑक्टोबर २०२५ मध्ये बेकारीची पाहणी करणारी माणसं घरी बसली होती. त्यामुळे १९४८ पासून दर महिन्याला अखंड चालत आलेल्या नोंदीत त्या महिन्याचा बेकारीचा दर नाही. ती जागा कायमची कोरी राहिली.

पण मला सर्वांत गंभीर वाटतो तो परिणाम वेगळाच आहे. तिजोरीची किल्ली संसदेच्या हातात असावी, म्हणून ही सगळी व्यवस्था. संसद भांडणात अडकून बसली की काय होतं? कुठलं काम थांबवायचं आणि कुठलं चालू ठेवायचं, हे राष्ट्राध्यक्षाचं प्रशासन ठरवू लागतं. २०२५ मध्ये सैनिकांचा पगार संशोधनाच्या शिल्लक निधीतून दिला गेला. सैनिकाला पगार मिळाला याचं कोणाला वाईट वाटेल? पण तो निधी त्यासाठी मंजूर झालेला नव्हता. विरोधकांचा बालेकिल्ला असलेल्या न्यूयॉर्कमध्ये सुमारे १८ अब्ज डॉलरचे वाहतूक प्रकल्प अडवले गेले. हजारो नोकरांना कायमचं कमी करण्याच्या नोटिसा निघाल्या, त्या पुढे कायद्याने मागे घ्याव्या लागल्या. राजाच्या हातून काढून घेतलेली किल्ली लोकप्रतिनिधींनी भांडता भांडता पुन्हा त्याच्याच हातात ठेवावी, तसा हा प्रकार. अडवणारा पक्ष कुठलाही असो, बळ वाढतं ते सिंहासनाचं.

यावर उपाय सुचवले गेले आहेत. मंजुरीला उशीर झाला तर आदल्या वर्षाइतका खर्च आपोआप चालू राहावा, अशी विधेयकं तिथे वारंवार मांडली गेली. टाळेबंदीत खासदारांचा पगार थांबवा, असंही सुचवलं गेलं. त्यांतलं काही कायमचा कायदा होऊ शकलेलं नाही. कारण उघड आहे. हत्यार आपल्याही कधीतरी कामी येईल, असं दोन्ही पक्षांना वाटतं.

श्रोतेहो, सरकार म्हणजे मंत्र्यांची गाडी आणि दिल्ली-वॉशिंग्टनच्या मोठ्या इमारती, असं आपण समजतो. श्रीमंताला सरकार आठवड्यातून एकदाही आठवत नाही. ज्याला रेशन हवं, दाखला हवा, लस हवी, पेन्शन हवी, त्याला ते रोज लागतं. त्याच्यासाठी सरकार म्हणजे एक उघडी खिडकी असते आणि तिच्यामागे बसलेला एक माणूस. ती खिडकी उद्याही उघडी असेल, हा त्याला दिलेला शब्द असतो. तो शब्द एकदा मोडला की खिडकी पुन्हा उघडल्यावर माणूस तिच्यापुढे उभा राहतो, पण आधीच्या भरवशाने नाही. आणि सरकारवरचा भरवसा उडालेला माणूस कोणाच्या मागे जाईल, हे कोणालाच सांगता येत नाही. टाळेबंदीतला सर्वांत मोठा राजकीय धोका मला तरी हाच वाटतो. तो कुठल्याच पक्षाच्या हिशेबात धरलेला नसतो.

मतभेद असावेत, कडाक्याचे असावेत. सभागृहात बाकं वाजवावीत, रात्र रात्र भाषणं करावीत, सरकारं पाडावीत. लोकशाहीत हे सगळं शोभतं. फक्त भांडणाचा खर्च ज्याचा त्याने द्यावा. तो ताटं विसळणाऱ्या कंत्राटी बाईच्या मजुरीतून कापू नये.